आईचे मामा खुकरीवर होते, त्यांचं नाव कुठे बघायला मिळेल?

सदाशिवपेठी_भाचा:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा घरगुती आहे पण इथे नेव्हीतले एकदोघं आहेत म्हणून विचारतोय. माझ्या आईचे मामा, म्हणजे आजीचा धाकटा भाऊ, आयएनएस खुकरी या युद्धनौकेवर स्टोकर, म्हणजे बॉयलर-इंजिन सांभाळणारे खलाशी, होते. ७१ च्या युद्धात ९ डिसेंबरला रात्री दीवजवळ बोट बुडाली त्यात गेले. वय २२, लग्न झालेलं नव्हतं. घरी तार आली त्यात बेपत्ता असं होतं आणि पणजीने तेवढंच धरून ठेवलं, तो लकडी पुलावरून मुठेच्या पुरात उड्या मारणारा पोरगा, तो बुडेलच कसा, असं म्हणायची. ती होती तोवर फोटोला हार नाही की श्राद्ध नाही. तिच्यानंतरही कुणी विषय काढला नाही, आमच्याकडे एकदा विषय बंद झाला की झाला.

आता आजी नव्वदीला टेकलीय आणि तीच म्हणतेय की माझ्या डोळ्यांदेखत त्याचं काहीतरी करा. घरात फक्त दोन गोष्टी आहेत. एक फोटो, पांढरा ड्रेस, निळी कॉलर, मागे स्टुडिओतला रंगवलेला पडदा, आणि हसू इतकं दाबलंय की गाल फुगलेत. दुसरं मनीऑर्डरचं कुपन, त्यावर पेन्सिलीने लिहिलंय "आईच्या चष्म्याची काच आधी बदला, पैसे साठवत बसू नका". बास.

तर १) त्यांचं नाव अधिकृत कुठे कोरलंय का, २) तिथी माहीत नसेल तर श्राद्ध कधी करतात, ३) दीवला काय आहे, आजीला नेता येईल का?

बॉयलररूम:
मी पण स्टोकरच, लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात शिकलो, तुमचे मामाही बहुधा तिथेच शिकले असतील. नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात बघा, २०१९ ला सुरू झालं, तिथल्या त्यागचक्राच्या भिंतींवर तिन्ही दलांची नावं आहेत, ७१ ची पण. स्मारकाच्या वेबसाइटवर नाव टाकून शोधता येतं, फक्त स्पेलिंग दोनतीन प्रकारे टाकून बघा, आपल्या आडनावांची तिथे वाट लागते. सर्व्हिस नंबर वगैरे हवं असेल तर मुंबईत मानखुर्दला सेलर्सचं रेकॉर्ड ठेवणारा ब्युरो आहे. थेट लिहिण्यापेक्षा पुण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज पाठवा, आणि आजी सख्खी बहीण असल्याचा काहीतरी कागद जोडा.

आणि लकडी पुलाचं म्हणाल तर पोहता येणं न येणं याचा इथे संबंध नव्हता हो, हे आजींना कसं सांगायचं ते तुम्ही बघा. खुकरी आणि किरपाण या दोन युद्धनौका पाणबुडी शोधायला मुंबईहून निघाल्या होत्या, जोडीची तिसरी, कुठार, बॉयलरच्या बिघाडामुळे मागेच राहिली होती. सोनारला, म्हणजे पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या यंत्राला, नीट ऐकू यावं म्हणून वेग कमी ठेवलेला. पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला तो फुटलाच नाही, दुसरा खुकरीला लागला आणि बोट काही मिनिटांत खाली. खाली इंजिनरूममध्ये वॉचवर असलेल्या माणसाला उभ्या शिडीने वर यायचं असतं, दिवे गेलेले, बोट कललेली. १८ अधिकारी आणि १७६ सेलर गेले, ६७ वाचले, त्यांना दुसऱ्या दिवशी आपल्याच नौदलाच्या कच्छल बोटीने उचललं.

खुकरीचे कॅप्टन मुल्ला स्वतःचं लाइफजॅकेट दुसऱ्याला देऊन बोटीबरोबर गेले, महावीर चक्र मिळालं, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण दर डिसेंबरला व्हॉट्सअ‍ॅपवर तेवढीच गोष्ट फिरते आणि १७६ मधलं एक नाव कुणाला सांगता येत नाही, याचा मला राग येतो. असो.

ओंकारेश्वरची_मावशी:
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. भाद्रपद वद्य चतुर्दशी, कॅलेंडरमध्ये बघ, शस्त्रादिहत पितृश्राद्ध असं छापलेलं असतं, शस्त्राने किंवा युद्धात गेलेल्यांचं त्या दिवशी करतात. पितृपक्षातच येते, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी. आमच्याकडे दिरांचं त्याच दिवशी करतो. मुलगा नव्हता म्हणून अडत नाही, भाच्याने केलेलं चालतं, तुमच्या गुरुजींना एकदा विचार म्हणजे झालं. आणि हार घालायचा की नाही ते आजींनाच ठरवू दे बाळा, तुम्ही पुढे होऊन घालू नका.

डेक्कन_ते_दीव:
दीवला मी जाऊन आलोय. चक्रतीर्थ बीचजवळ उंचवट्यावर स्मारक आहे, काचेच्या पेटीत खुकरीची प्रतिकृती, समोर समुद्र. शिवाय त्याच नावाची नंतरची खुकरी, ती ८९ साली नौदलात आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली, ती बोटच दीवला म्युझियमसाठी दिलीय. पण आजींच्या वयाला प्रवास झेपणार का बघा, ट्रेनने वेरावळ आणि तिथून पुढे रस्त्याने. नेलंत तर हिवाळ्यातच न्या आणि ३१ डिसेंबरच्या आसपास बिलकुल नको, तेव्हा दीवमध्ये जी गर्दी असते ती तुमच्या कामाची नाही. नाहीतर आपल्या कॅम्पातलं वॉर मेमोरियल आहेच, रिक्षाने जाऊन ९ तारखेला फूल वाहून येता येईल.

सदाशिवपेठी_भाचा:
सगळ्यांचे आभार. वेबसाइटवर आत्ताच बघितलं, तिसऱ्या स्पेलिंगला सापडलं! आजीला मोबाइलवर दाखवलं तर म्हणाली अक्षर मोठं कर, मग बोट ठेवून वाचलं आणि विचारलं "स्टोकर लिहिलंय का?" बॉयलररूम, शिडीचं मी अजून सांगितलेलं नाही, पण तुम्ही पुण्यात असाल तर एकदा घरी याल का, तिला तुमच्याकडून ऐकायचं असेल असं वाटतं. चतुर्दशीचं आईला पटलंय. दीवचं डॉक्टरांना विचारून ठरवू. आणि ते कुपन आई उद्या लॅमिनेट करायला नेतेय.

बॉयलररूम:
येतो की, बिबवेवाडीत असतो, रविवारी सकाळी चालेल. पण लॅमिनेशन अजिबात करू देऊ नका!! ते प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही. आधी चांगला स्कॅन करा, कुपनाच्या मागची बाजू पण, पोस्टाचा शिक्का असेल तर तारीख मिळेल.