नागरिकत्वासाठी परक्या देशाच्या सैन्यात जावं का?

एडिसनची मावशी
माझा भाचा शाळकरी वयात आईवडिलांबरोबर अमेरिकेत आला. ग्रीन कार्ड आहे. आता कम्युनिटी कॉलेज अर्धवट सोडून इथल्या लष्करात भरती व्हायचं म्हणतोय. भरती करणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितलं की एरवी नागरिकत्वाला पाच वर्षं थांबावं लागतं, सैन्यात आलास तर लगेच अर्ज करता येईल, फीसुद्धा नाही. हे खरं आहे. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ २००२ च्या अध्यक्षीय आदेशाने युद्धकाळ धरलाय, आणि युद्धकाळात सेवा करणाऱ्याला वास्तव्याची अट लागत नाही. वर कॉलेजचा खर्च, आरोग्यविमा. घरात दोन तट पडलेत.

माझा ठाम विरोध आहे. सैनिकाचं काम म्हणजे दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयापायी मारणं आणि मरणं. ज्याला त्या देशाबद्दल तेवढं वाटतं त्याने जरूर जावं. पण पासपोर्ट लवकर हातात पडतो म्हणून बंदूक उचलायची? तुम्हाला काय वाटतं?

कृष्णाकाठ
ताई, हा निकष लावला तर आपले कितीतरी पणजोबा नापास होतील. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाने ४६ माणसं गमावली. यशवंत घाडगे १९४४ साली इटलीत लढताना पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. नामदेव जाधवांना १९४५ मध्ये, तोही इटलीतल्याच लढाईसाठी. इटलीशी त्यांचं काय देणंघेणं होतं? पगार होता, पेन्शन होतं, गावात मान होता. पोटासाठी फौजेत जाणं आपल्याकडे कधीच कमीपणाचं मानलं गेलं नाही.

आणि आपलं स्वतःचं लष्कर बघा. नेपाळचे गोरखे नेपाळचे नागरिक राहून भारतासाठी लढत आले. त्यांच्या निष्ठेवर आपण शंका घेतो का?

रानवाटा
गोरख्यांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. त्यांना आपण नागरिकत्वाचं आमिष दाखवलं नाही. पगार, पेन्शन, सुट्टीला घर, निवृत्तीनंतर परत आपल्या गावी. जे ठरलं ते रोख. आणि घाडगे-जाधवांच्या वेळी आपण गुलाम होतो, त्यांच्यापुढे निवड किती होती?

नागरिकत्वाच्या वचनाचं काय होतं ते भगतसिंग थिंद यांच्याकडे बघून कळतं. १९१८ साली ते अमेरिकी सैन्यात भरती झाले, पगडी घालून. डिसेंबरमध्ये नागरिकत्वाचा दाखला मिळाला आणि सन्मानाने सुटकाही झाली. पण दाखला चार दिवसांत रद्द. १९२० मध्ये ओरेगनच्या न्यायालयाने पुन्हा दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२३ मध्ये निकाल लागला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, त्यामुळे तो नागरिक होऊ शकत नाही. सैन्यातल्या सेवेचा काडीचा उपयोग झाला नाही. त्या निकालानंतर आणखी कितीतरी भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांसाठी १९३५ साली वेगळा कायदा झाला, तेव्हा कुठे १९३६ मध्ये थिंद नागरिक झाले. गणवेश उतरवल्यावर अठरा वर्षांनी!

डिझेल
मी स्वतः ग्रीन कार्डवर भरती झालो होतो. गाड्यांचा मेकॅनिक. नागरिकत्वासाठीच गेलो, आणि ते सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

मावशी, देशप्रेम आधी आणि भरती नंतर, ही अट इथे जन्मलेल्यांना कुणी घालत नाही. माझ्या बरॅकमध्ये केंटकीचा एक, मिसिसिपीचे दोघे होते. तिघेही कॉलेजच्या पैशासाठी आलेले. त्यांना कुणी विचारलं नाही की तुझी निष्ठा खरी का विकत घेतलेली. मग मलाच का?

एन-४२६ नावाचा एक फॉर्म असतो. याची सेवा सन्मानाची आहे, असं त्यावर लष्कराकडून सही करून घ्यावी लागते. तो मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून लॉकरच्या तळाशी ठेवला होता. सही झाल्यावरही पिशवीतून बाहेर काढायची भीती वाटायची. शपथविधीला माझ्या एका बाजूला घानाचा मुलगा, दुसऱ्या बाजूला जमैकाची मुलगी, सगळे गणवेशात. मी त्या दिवशी खूप रडलो. तो आनंद माझा होता, कुणी फसवून दिलेला नव्हता.

शेवंता
तुमचं काम झालं याचा खरंच आनंद आहे. पण ज्यांचं झालं नाही त्यांच्याबद्दलही बोलायला हवं.

मॅव्हनी नावाची योजना होती, २००९ मध्ये सुरू झालेली. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनाही ग्रीन कार्डाशिवाय भरती होता यायचं, सैन्याला हवी असलेली भाषा येत असेल किंवा वैद्यकीय शिक्षण असेल तर. हिंदी, पंजाबी, तमिळ अशा आपल्या भाषाही त्यात होत्या. माझ्याबरोबर एम.एस. करणाऱ्या एका मुलाने करारावर सही केली. २०१६ मध्ये योजना गोठली. सही केलेल्यांची पार्श्वभूमी तपासणी नव्याने, आणखी कडक. तो प्रशिक्षणाच्या तारखेची वाट बघत राहिला. इकडे व्हिसाची मुदत संपत आली. नोकरी करता येईना, आणि परक्या सैन्याच्या करारावर सही करून भारतात परत जायचीही धास्ती. फोन केला की म्हणायचा, कळवतो. कळवण्यासारखं त्याच्याकडे काही नसायचं. अशा कितीतरी जणांना २०१८ च्या सुमारास सैन्याने काढून टाकलं, काहींना कारणही न सांगता. लोक कोर्टात गेले, काहींना न्याय मिळाला. मधली वर्षं कोण देणार?

माझा मुद्दा एवढाच: सही केल्यावर सैनिकाला अटी बदलता येत नाहीत, सरकारला येतात. २०१७ मध्ये ग्रीन कार्डवाल्यांसाठीही नियम आणला, आधी १८० दिवस सेवा, मग एन-४२६. तो २०२० मध्ये न्यायालयाने रद्द केला, पण तोवर ज्यांचं अडकलं त्यांचं अडकलं.

डिझेल
सगळं मान्य. मॅव्हनीवाल्यांशी जे झालं ते अन्यायाचंच होतं, आमच्यातही त्याबद्दल राग होता. पण भाच्याची गोष्ट वेगळी आहे. सैन्याने नको म्हटलं तरी त्याचं ग्रीन कार्ड जात नाही, तो रस्त्यावर येत नाही. तुमच्या मित्राला हा आधार नव्हता.

शेवंता
आणि पाच वर्षं पुरी व्हायच्या आत सन्मानाने सुटका झाली नाही तर? सैन्याच्या जोरावर मिळवलेलं नागरिकत्व सरकार काढून घेऊ शकतं. विशी-बाविशीतल्या मुलाच्या हातून एखादी मोठी चूक होणं अशक्य आहे का? तीच चूक जन्माने नागरिक असलेल्या सैनिकाने केली तर त्याची नोकरी जाईल, देश जाणार नाही.

पारावरून
तुम्ही अमेरिकेचंच बोलताय. रशियाने जानेवारी २०२४ मध्ये फर्मान काढलं, वर्षभराचा करार करणाऱ्या परदेशी माणसाला झटपट नागरिकत्व. आपली किती मुलं मदतनीस, सुरक्षारक्षक अशा नोकऱ्यांच्या नावाखाली तिकडे नेली गेली! जानेवारी २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलेला आकडा १२६ होता. त्यातले १२ मेलेले, १६ बेपत्ता. परक्या सैन्याचं नागरिकत्व म्हणजे शेवटी हेच.

कृष्णाकाठ
नाही, ही सरमिसळ नको. त्या मुलांना एजंटांनी फसवलं. सीबीआयने गुन्हा नोंदवून माणसं पकडली. करार वाचून, समजून, आपण होऊन भरती होणाऱ्याला त्यांच्या पंगतीला बसवणं दोघांवरही अन्याय आहे.

पारावरून
फसवणूक निराळी, मान्य. पण दोन्हीकडे गिऱ्हाईक तेच आहे: कागद नसलेला, घाई असलेला, गरजू परदेशी मुलगा.

कागदपत्र
नैतिक बाजू तुम्ही मांडताच आहात, पण घरच्यांनी एक गोष्ट बघितलेली दिसत नाही. राज्यघटनेच्या कलम ९ आणि नागरिकत्व कायद्यानुसार अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, हे सगळ्यांना माहीत असतं. लोक म्हणतात, ठीक आहे, ओसीआय कार्ड काढू, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय येता येतं ते. पण परदेशी सैन्यात असलेल्यांना आणि तिथून निवृत्त झालेल्यांनाही ओसीआय देत नाहीत. गृह मंत्रालयाच्या नियमात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुमच्या भाच्याला आयुष्यभर भारतात यायला व्हिसा. आईवडील म्हातारपणी परत आले आणि रात्री फोन आला तर तो तिकीट काढून तडक निघू शकेलच असं नाही.

शिवाय सैन्याची पहिली बांधिलकी एकूण आठ वर्षांची असते, सक्रिय सेवा आणि राखीव काळ मिळून. चार वर्षांनी मोकळा, असं समजून कुणी सही करू नये.

एडिसनची मावशी
ओसीआयचं आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्या आईला तर नाहीच, आणि तिचं तर ठरलंय की निवृत्तीनंतर साताऱ्याला जायचं. आज रात्रीच फोन करते.

डिझेल, तुमचं बोलणं मनाला लागलं. तिघा मुलांना कुणी विचारलं नाही, हे खरं आहे, आणि ते मी भाच्याला विचारत होते. तरी विरोध सोडत नाही. त्या मुलांकडे घरी परतायला देश होता, सही केली काय, न केली काय.

डिझेल
विरोध करा, पण त्याला प्रश्न द्या बरोबर. भरती कार्यालयात तोंडी मिळालेलं वचन धरू नये, करारात छापलंय तेवढंच खरं. नागरिक नसताना गोपनीयतेचा परवाना, म्हणजे गुप्त माहिती हाताळायची परवानगी, मिळत नाही, म्हणून कितीतरी कामं बंद असतात. त्याला नेमकं कोणतं काम देतायत ते लिहून घ्या. आणि प्रशिक्षणातच एन-४२६ भरून टाकायला सांगा. सेवा केली म्हणजे नागरिक झालोच, असं समजून अर्ज न केलेले लोक पुढे एखाद्या गुन्ह्यात अडकले आणि हद्दपार झाले. मेक्सिकोतल्या तिहुआनात अशा माजी सैनिकांसाठी वेगळं आधारघर चालवावं लागलं. त्याच्याशी बोलायला मी तयार आहे, तुमचा विरोध असला तरी.