पास आहे, तरी टोल कापला! (सोसायटी ग्रुप, खारघर)

प्रसाद, ए-६०४: मंडळी, फास्टॅगचा वार्षिक पास कोणी काढलाय का? काल साताऱ्याला गेलो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर नेहमीसारखे पैसे कापले. खेड शिवापूर, आनेवाडीला मात्र नुसती फेरी वजा झाली. पास ॲक्टिव्ह दाखवतोय. काय भानगड आहे?

नीता वहिनी, सी-१०२: आमचेपण अटल सेतूवर २५० गेले 😡

कुलकर्णी काका, बी-३०१: भानगड काही नाही रे. हा पास फक्त राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर चालतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याच्या एमएसआरडीसीचा, अटल सेतू एमएमआरडीएचा, म्हणजे तोही राज्याचाच. उद्या समृद्धीने गेलास तरी पैसे कापणारच. साताऱ्याचा रस्ता एनएचएआयचा, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, म्हणून तिथे चालला. २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते.

शिंदे, ए-२०३: म्हणजे पेट्रोलवर सेस भरा, वर टोल भरा, आणि कुठला रस्ता कोणाचा हेही आम्हीच शोधा. जातो कुठे काका एवढा पैसा?

कुलकर्णी काका: दिल्लीच्या तिजोरीत. पेट्रोल-डिझेलवरचा रस्ते उपकर २०१८ च्या बजेटपासून 'रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर' झाला. त्यातून रेल्वेलाही पैसे जातात. सेस असल्यामुळे घटनेच्या कलम २७० प्रमाणे राज्यांच्या वाटपात तो धरतच नाहीत, सगळा केंद्राकडे. एनएचएआयने सरकारी पैशाने बांधलेल्या रस्त्यांचा टोलही आधी तिथेच जमा होतो आणि बजेटमधून त्यांना परत मिळतो. २०२५-२६ मध्ये रस्ते मंत्रालयाला साधारण २.८७ लाख कोटी, त्यातले १.७० लाख कोटी एकट्या एनएचएआयला. पूर्वी एनएचएआयवाले बाजारातून भरमसाट कर्ज काढायचे. ते डोईजड झालं, २०२२-२३ पासून बंद केलं.

अ‍ॅडमिन: उद्या सकाळी ७ ते ९ टाकी सफाई. पाणी भरून ठेवा 🙏

शिंदे: २.८७ लाख कोटी! आणि आमचं मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर काम २०११ पासून चालूच. दर गणपतीला माणगावपर्यंत कंबर मोडते.

कुलकर्णी काका: ते सरकारकडे पैसा नव्हता म्हणून रखडलं नाही, शिंदे. ते बीओटीवर दिलं होतं. ठेकेदाराने पदरचे पैसे घालायचे आणि टोलमधून वसूल करायचे. त्याच्याकडेच खडखडाट झाला. त्यात भूसंपादन अडलेलं, कर्नाळ्याला अभयारण्याची परवानगी. शेवटी सरकारला त्यात पैसे ओतावे लागले. देशभर असे बीओटी अडकले, म्हणून मग २०१६ ला हॅम नावाचं मॉडेल आलं. ४० टक्के सरकार बांधकाम चालू असताना देतं, बाकीचे ठेकेदार आणतो आणि त्याला ते १५ वर्षांत हप्त्याने मिळतात. टोल सरकारचा. पण कुठलंही मॉडेल आणा, जागा ताब्यात नसताना नारळ फोडला की काम लोंबकळणारच. बजेटचे आकडे बघून खूश होऊ नका, सातबारे किती सरकारच्या नावावर झाले ते विचारा.

प्रसाद: जेएनपीए बंदराकडून येणाऱ्या नव्या पागोटे-चौक रस्त्याचं काय मग? तो झाला तर कळंबोली सर्कलची कोंडी सुटेल म्हणतात.

कुलकर्णी काका: मार्च २०२५ ला केंद्राची मंजुरी मिळाली. २९ किमी, सहापदरी, साडेचार हजार कोटी. बंदरातून निघालेल्या कंटेनरला पळस्पे-कळंबोलीच्या गर्दीतून एक्सप्रेसवेला लागायला दोन-तीन तास लागतात, हे सरकारनेच तेव्हा सांगितलंय. आणि हाही बीओटीच!

शिंदे: झालं कल्याण 😂

कुलकर्णी काका: इथे कंटेनर आहेत, टोल भरणारं गिऱ्हाईक पक्कं. म्हणून पैशाची चिंता मला कमी वाटते. जागेची वाटते.

नीता वहिनी: काका, गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफी असते ना? ती या पासवरच मिळते का?

कुलकर्णी काका: नाही वहिनी, तो पास वेगळा. राज्य सरकार दरवर्षी जाहीर करतं, स्टिकरसारखा पास आरटीओत किंवा पोलिसांकडे मिळतो. जीआर आला की इथे टाकतो.

शिंदे: माझी गाडी लिहून ठेवा त्यात. एर्टिगा.