लेकीची छातीतली थायमस ग्रंथी काढलेली आहे, ती पुन्हा उगवते का?

उदगीरचा_बाप
लेक अकरावीला, नीटसाठी लातूरला ठेवलीय. पाच महिन्यांची असताना हृदयाचं छिद्र बुजवलं होतं. परवा फोनवर म्हणाली, "पप्पा, माझ्या डिस्चार्ज कार्डावर थायमस काढल्याचं लिहिलंय. रोगाशी लढणाऱ्या टी पेशी तर तिथंच तयार होतात. मग माझं काय?" तवा आम्ही सही केली अन् मोकळे झालो. आता एक एजंट म्हणतो, स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, ग्रंथी परत येते. दीड लाख. सोयाबीन अजून घरातच पडून आहे. खरं काय?

ढोरांचा_डॉक्टर_परभणी
दादा, एक रुपया देऊ नका.

तान्ह्या बाळाची थायमस मोठी असते आणि नेमकी हृदयाच्या पुढ्यात. सर्जनला वाट करायला ती बरेचदा काढावीच लागते. मेलेलं करडू उघडलं की श्वासनळीच्या कडेनं छातीपर्यंत ती फिकट गुलाबी, दाणेदार दिसते. म्हाताऱ्या शेळीत शोधा, हाताला चरबीच लागते. माणसाचंही तेच, म्हणून तर मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणतात.

एजंटची गफलत (की लबाडी?) इथं आहे. टी पेशी ज्यांच्यापासून होतात त्या मूळपेशी (स्टेम सेल) हाडांच्या मगजातल्या. त्या लेकीकडे आहेतच. त्यांना घडवणारं थायमसचं अस्तर वेगळं. ते गर्भात घशाच्या तिसऱ्या कप्प्यापासून बनतं, फॉक्सएन१ हे जनुक चालू झाल्यावर. मगजातल्या पेशी कितीही टोचा, ते अस्तर उगवत नाही. लातूरला पोरं आणखी पाठवली म्हणून बंद पडलेला क्लास उघडतो का?

थायमस पुन्हा वाढवायचं संशोधन मात्र खरं आहे. २०१४ साली एडिनबराला हेच जनुक वाढवून म्हाताऱ्या उंदरांची आक्रसलेली थायमस पुन्हा वाढवली. २०२० मध्ये लंडनच्या क्रिक संस्थेत तर हृदयाच्या ऑपरेशनात लेकरांची काढलेली थायमसच वापरली. तिच्यातल्या अस्तराच्या मूळपेशी वाढवून मोठ्या उंदराच्या (रॅट) थायमसच्या रिकाम्या सांगाड्यावर बसवल्या आणि ती ग्रंथी उंदरांत जगवली. पण उंदरांतच!

सिस्टर_नांदेड
भाऊ, कार्डावर 'टोटल' (पूर्ण काढलेली) आहे का 'सबटोटल' (थोडी ठेवलेली) ते बघा. तुकडा राहिला असेल तर तो वाढू शकतो. शिवाय जन्माआधीपासूनच टी पेशी अंगभर पसरलेल्या असतात, अन् त्या वर्षानुवर्षं टिकतात. सारखी आजारी पडते का ती? पडत असेल तर बालरोगतज्ज्ञांना सांगून सीडी४ (टी पेशींचाच एक प्रकार) मोजून घ्या. लसींचं कार्डही सोबत न्या.

उदगीरचा_बाप
'सबटोटल' आहे. आजारी म्हणाल तर मेसच्या जेवणानं पोट बिघडतं तेवढंच. एजंटला नको म्हणालो, तर सव्वा लाखावर आला. लेकीला करडाचं सांगितलं. म्हणाली, "पप्पा, करडू सिलॅबसमध्ये नाही."