पुरात भिजलेल्या बाबांच्या करवती : गंज कसा काढू, धार कशी लावू?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

२२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. बाबांची हत्यारांची पेटी दोन दिवस चिखलात होती. रंधे, पटाश्या लगेच पुसून तेल लावून ठेवल्या. करवती मात्र गोणपाटात गुंडाळलेल्या होत्या, त्या तशाच माळ्यावर गेल्या. बाबा गेल्या वर्षी गेले. या मे महिन्यात माळा आवरताना ते गोणपाट सोडलं.

दोन्ही करवती २६ इंची. पहिलीचे दात बारीक, पात्यावर तांबूस गंज, मुठीवरच्या पितळी चकतीवर ‘शेफील्ड’ (इंग्लंडमधलं शहर) एवढंच वाचता येतं. दुसरी फळ्या उभ्या फाडायची, दात मोठे. ती मी घाईघाईने एकाकडे धार लावायला दिली. त्याने ग्राइंडरवर धरली. परत आली तेव्हा सात-आठ दातांचे शेंडे निळे पडलेले आणि सगळे दात खालीवर.

बाबा पावसाळा संपला की ओटीवर बसून कानस चालवायचे. तो आवाज अजून कानात आहे, पण ते हात कसा धरायचे हे मी कधी जवळ बसून बघितलं नाही. आता शिकायचं आहे. सुरुवात कुठून करू?

सागवानी, पुणे

आधी गंजाचं बोलते. पहिली करवत व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवू नका. गंज जातो, पण पातं काळपट आणि खरखरीत होतं, आणि त्यावर कारखान्याचं नाव कोरलेलं असेल तर तेही जातं. मूठ उजव्या हाताला आणि दात खाली असं धरलंत, तर समोर दिसणाऱ्या बाजूला हे नाव असायची शक्यता जास्त. तिथे जपून.

मूठ काढून ठेवा. पितळी स्क्रूच्या खाचेत बरोबर बसेल असाच पेचकस घ्या, सैल घेतलात तर पितळ लगेच फाटतं. मग पातं सपाट फळीवर ठेवून मशीनचं पातळ तेल टाका आणि २२० नंबरचा वॉटर पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून पात्याच्या लांबीने फिरवा, नंतर ४०० नंबर. नुसत्या बोटांनी घासलंत तर पेपर खोलगट जागेत शिरतो आणि नाव पुसतो. चकचकीत करायच्या मागे लागू नका. हाताला गुळगुळीत लागलं की पुरे.

मुठीला जवसाचं तेल, पातळ हात, चार-पाच दिवसांत तीनदा. एक गोष्ट कळकळीने सांगते : त्या तेलाच्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. उन्हात पसरून वाळवा, मगच फेका.

पॅटर्नमेकर, कोल्हापूर

मी शिरोलीला ओतकामाचे लाकडी साचे बनवण्यात ३० वर्षं काढली. आमच्या कामात पाव मिलिमीटर चुकला तरी ओतीव माल परत यायचा, म्हणून करवतीची धार स्वतःच लावायची हा माझ्या उस्तादांचा दंडक होता. तुम्ही स्वतः शिकताय याचा मला मनापासून आनंद झाला.

शेफील्डवालीपासून सुरुवात करा. आधी एका इंचात किती शेंडे बसतात ते मोजा, दोन्ही टोकांचे धरून. आठ आले तर सहा इंची बारीक तिकोनी कानस घ्या. नवीच घ्या, पेटीतली जुनी नको. आणि कानस दातांवरून घसरली, चावलीच नाही, तर थांबा. हल्लीच्या काही करवतींचे दात कारखान्यातच कडक केलेले असतात, त्यांना कानस लागत नाही. बाबा कानस चालवायचे म्हणता, म्हणजे तुमचं तसं नसणार.

दोन सरळ फळ्यांमध्ये पातं धरून वाइसमध्ये आवळा. दातांच्या खाचा फळीच्या वर जेमतेम ३ मिलिमीटर राहू द्या. जास्त वर राहिलं तर पातं थरथरतं आणि कानस किंचाळते. तुम्हाला आठवतो तो आवाज ‘खर्र, खर्र’ असा भरीव असणार. तोच आला पाहिजे.

पहिलं काम धारेचं नाही, उंचीचं आहे. चपटी कानस शेंड्यांवरून मुठीपासून टोकापर्यंत सरळ ओढा. दोन-तीनदा ओढली की जवळजवळ प्रत्येक शेंड्यावर एक चमकता ठिपका येतो. बुटक्या दातावर येत नाही, उंचावर मोठा येतो. करवत खिडकीकडे तिरकी धरून बघा, ठिपके मोहरीसारखे चमकतात. पुढचं सगळं काम या ठिपक्यांवरच चालतं. तिकोनी कानस खाचेत घालायची, एकाच दिशेने पुढे ढकलायची, परत आणताना उचलायची. ठिपका जिथे नाहीसा झाला तिथे थांबायचं. त्यापुढचा एक हात जास्तीचा झाला तर तो दात पुन्हा बुटका. धारेवर उजेड थांबत नाही, बोथट शेंड्यावर थांबतो. डोळ्याला हे एकदा समजलं की हात आपोआप शिकतो.

आता कोन. उभ्या फाडणाऱ्या करवतीचा दात म्हणजे बारीक पटाशी, म्हणून कानस पात्याला काटकोनात. आडवं कापायचं तर लाकडाच्या रेषा आधी दोन्ही बाजूंनी सुरीसारख्या तुटायला हव्यात, म्हणून कानस सुमारे २० अंश तिरकी. एक खाच सोडून एक घासत टोकापर्यंत जा, मग करवत उलटी फिरवून सुटलेल्या खाचा घ्या. आधी खाचांना मार्करने काळं करून ठेवा, म्हणजे कुठली राहिली ते दिसतं. २६ इंचात १८० च्या आसपास दात आहेत, मध्येच लक्ष जातं. कानशीच्या टोकावर छोटा लाकडी ठोकळा बसवा आणि तो प्रत्येक खाचेत आडवा, समतल राहतो का ते बघा. तो कलला तर तुमचा हात कलला.

दात फाकवायची, म्हणजे एक डावीकडे एक उजवीकडे असे किंचित वाकवायची, घाई नको. बाबांनी दिलेली फाक बहुधा शिल्लक असेल. वाळलेलं सागवान कापून बघा, पातं अडकलं तरच सॉसेट (दात वाकवायचं हत्यार) वापरा, आणि दाताचा फक्त वरचा अर्धा भाग वाकवा. मुळातून वाकवला तर मोडतो.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

काका, ताई, दोघांचे खूप आभार. आज रविवारी सकाळपासून बसलो. ठोकळ्याने घासताना गंजाखालून आधी एक ‘जे’ निघाला, मग हळूहळू कारखान्याचं पूर्ण नाव : स्पिअर अँड जॅक्सन. आईला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, ही तुझ्या आजोबांनी मुंबईहून आणली होती, गोदीत कामाला होते तेव्हा. मला हे माहीतच नव्हतं.

ठिपके दिसले. मुठीजवळचे पंधराएक दात जवळजवळ न झिजलेले होते, कारण तिथपर्यंत कुणाचा काप जातच नसणार. टोकाकडचे मात्र नीट जमले नाहीत, तिथे चार दात लहान झाले. तरी फणसाची फळी कापून बघितली. करवत रेघेवरून हलली नाही.

दुसरीच्या निळ्या दातांचं काय करू? टाकून देऊ का?

पॅटर्नमेकर, कोल्हापूर

टाकू नका हो! पोलाद निळं पडलं म्हणजे तापून त्याचं पाणी उतरलं, कडकपणा गेला, पण ते तेवढ्या शेंड्यांपुरतंच. चपट्या कानशीने सगळे दात खाली उतरवत न्या, निळा रंग पूर्ण जाऊन राखाडी पोलाद लागेपर्यंत. मग कागदाच्या पट्टीवर सारख्या अंतरावर रेघा आखून ती पात्याला चिकटवा, आणि प्रत्येक रेघेवर तिकोनी कानशीने आधी हलकी खूण, मग खाच, असे नवे दात पाडा. मोठे दात आहेत, मोजून १३० च्या आत भरतील. दोन संध्याकाळी लागतील. हिच्यासाठी कानस सात इंची घ्या.

टोकाकडच्या चार लहान दातांची काळजी करू नका. पुढच्या वेळी चपटी कानस ओढाल तेव्हा बाकीचे त्यांच्या बरोबरीला येतील. पावसाळा येतोय, दोन्ही पात्यांना तेलाचा हात देऊन भिंतीला टांगून ठेवा. गोणपाटात नको, ते ओल धरून ठेवतं.