वामनदादांचं गाणं वाजवता, मग शेवटचं कडवं का कापता?

गोदाकाठ
१४ एप्रिलला, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत, नाशकात शालिमारला उभा होतो. एका मंडळाच्या डीजेवर 'उद्धरली कोटी कुळे' लागलं. अंगावर काटा आला, पण दोनच कडवी झाली आणि ऑपरेटरने गाणं तोडून दुसरा ठेका घुसवला. या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव आहे. जुन्या शाहिरांच्या रिवाजाप्रमाणे हे गाणं लिहिणारे लोककवी वामनदादा कर्डक शेवटी आपलं नाव गुंफायचे. तेच कडवं उडवलं की गाणं बेवारस होतं. शेजारी नाचणाऱ्या पोरांना विचारलं, हे कोणाचं रे? त्यांनी रिमिक्स करणाऱ्याचं नाव सांगितलं.

हा माणूस आपल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, आणि १५ मे २००४ ला नाशकातच देह ठेवला. माझं स्पष्ट मत आहे: वाजवायचं तर पूर्ण वाजवा, नाहीतर वाजवू नका.

सातपूरचा पोऱ्या
दादा, जय भीम. तुमचा राग समजतो, पण 'वाजवू नका' हे अजिबात पटलं नाही. वामनदादांनी स्वतः काय केलं? त्यांनी १९४३ साली पहिलं गाणं रचलं तेच हिंदी गाण्याच्या चालीवर. लोकांच्या तोंडी जी चाल बसलेली असायची, तिच्यावर ते बाबासाहेबांचा विचार बसवायचे. आज लोकांच्या कानात डीजेचा ठेका आहे. मी दादांची गाणी मिरवणुकीतच पहिल्यांदा ऐकली. आमच्या घरात पुस्तक नव्हतं. तुमचा नियम तेव्हा असता तर माझ्यापर्यंत ती आलीच नसती.

गोदाकाठ
चाल उचलणं वेगळं आणि कवीचं नाव पुसणं वेगळं. चाल बदलायला माझी हरकत नाही. ठेका हवा तेवढा वाढवा, फक्त कडवं कापू नका.

ढोलकीचा ताल
मी अनेक वर्षं गायन पार्टीत कोरसला होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शेवटचं कडवं हे नुसती सही नसते. आमच्याकडे त्या कडव्याला ढोलकी हलकी करायची, कोरसने गप्प राहायचं आणि मुख्य गायकाने 'वामन' हे नाव एकट्याने उचलायचं. मग पुन्हा धृपदावर सगळे तुटून पडायचे. त्या एका जागेसाठी लोक थांबायचे, बक्षिसाच्या नोटा तिथेच यायच्या. गाणं चढत चढत जिथे पोचतं, नेमकं तिथूनच तुम्ही ते तोडता. नाव राहू द्या बाजूला, गाणं म्हणूनही ते अर्धंच राहतं.

आणि हे नाव कोणाचं आहे तेही बघा. गुरं राखलेला, मुंबईत हमाली केलेला, आईसफ्रूट विकलेला माणूस. कोणीतरी पत्र वाचायला हातात दिलं आणि वाचता आलं नाही, ती लाज त्यांना सहन झाली नाही, असं सांगतात. मोठेपणी अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकले. अशा माणसाने स्वतःचं नाव ओळीत लिहिलंय. ते कापायचा अधिकार कोणाला आहे?

सातपूरचा पोऱ्या
हे माहीत नव्हतं. पण ताल भाऊ, मिरवणूक म्हणजे तुमची बैठक नाही. मागे दहा मंडळं रांगेत असतात, पोलीस पुढे ढकलत असतात. ढोलकी हलकी केली की पोरं पांगतात. रस्त्यावर गाण्याचं काम पोरांना एकत्र धरून ठेवायचं आहे, आणि दादांचं गाणं तेही करतं. याला अपमान म्हणू नका.

देवळाली कॅम्प
तुम्ही दोघं डीजेवर भांडताय, पण खरी कापाकापी शिकलेल्या लोकांनी केली. २०२१ च्या डिसेंबरात नाशकात अखिल भारतीय आणि विद्रोही अशी दोन साहित्य संमेलनं झाली. तेव्हा मी ओळखीच्या वाचनप्रेमी मंडळींना नाशिकचे कवी विचारले. कुसुमाग्रज सगळ्यांनी सांगितले. वामनदादा एकानेही नाही. 'ते गीतकार' म्हणाले. 'भीमा तुझ्या मताचे जर पाच लोक असते' ही ओळ आपल्याच माणसांना खडसावते, आणि तीच माणसं ती मान खाली घालून गातात. ही कविता नाही तर काय? डीजेवाल्या पोराने निदान गाणं जिवंत तरी ठेवलंय.

गोदाकाठ
ताई, ते मान्य. पण एकाने विसरलं म्हणून दुसऱ्याला सूट नाही. ज्या नाशकात १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, ज्या जिल्ह्यात शाहीर भीमराव कर्डकांचे जलसे, म्हणजे गाण्यांतून बाबासाहेबांचा विचार सांगणारे कार्यक्रम, गावोगाव फिरले, तिथे गाणं हेच लोकांचं वर्तमानपत्र होतं. तिथल्या मिरवणुकीकडून मी जास्त अपेक्षा ठेवणारच.

सातपूरचा पोऱ्या
आमच्या मंडळात विषय काढतो. पूर्ण गाणं चालत्या मिरवणुकीत जमणार नाही, यावर मी ठाम आहे. पुतळ्याजवळ हार घालायला थांबतो तेव्हा डीजे बंदच असतो. ताल भाऊ, तेवढ्या वेळात ढोलकी घेऊन याल का?

ढोलकीचा ताल
येतो. पण माइक आधी तपासून ठेवा, आणि सगळी कडवी गाणार.