प्रति: हरमनप्रीत ३४८ गाठेल का?
हॉकीत पाकिस्तानच्या सोहेल अब्बासचा ३४८ आंतरराष्ट्रीय गोलांचा विक्रम आपला हरमनप्रीत सिंग 'आरामात' मोडेल, असं वर एकाने लिहिलंय. मोडू शकतो हे मान्य, पण आरामात नाही. २०० तर त्याने केव्हाच ओलांडले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला १० गोल करून तो स्पर्धेत अव्वल ठरला. तरी त्याचे बहुतेक गोल पेनल्टी कॉर्नरचे (बचाव करणाऱ्या संघाच्या चुकीबद्दल मिळणारी गोलची संधी), म्हणजे ते एकट्याच्या हातात नाहीत. मागच्या रेषेवरून बॉल मैदानात ढकलणारा आणि गोलसमोरच्या अर्धवर्तुळाबाहेर तो थांबवणारा, दोघेही अचूक लागतात.

२०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत म्हापशाच्या पेडे मैदानावर मी कडेला उभा राहून पाहिलं. थांबवणाऱ्याकडून बॉल जरा उसळला की धावत येणारे बचावपटू पोचलेच, ड्रॅग-फ्लिक (स्टिकने बॉल ओढत नेऊन फेकणं) संपली! कॉर्नरवर पहिला प्रयत्न स्टिक फिरवून मारलेला फटका असेल, तर गोलरेषा ओलांडताना बॉल ४६० मिलिमीटरपेक्षा वर असता कामा नये; ड्रॅग-फ्लिकला ही मर्यादा नाही, म्हणून तर तिची एवढी किंमत. शिवाय संघातला जुगराज सिंगही फ्लिक घेतो, गोल वाटले जाणार. संघासाठी ते चांगलंच आहे. २०२४ च्या आशियाई चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा एकमेव गोल जुगराजचाच, आणि तोही मैदानी, म्हणजे कॉर्नरशिवाय चालू खेळातला, हरमनप्रीतच्या पासवर. माझ्या मते हरमनप्रीतचा आकडा ठरेल तो त्याच्या तंदुरुस्तीवर.