निधीसोबत राजकीय प्रश्नही : १९७१ चे उदाहरण

दूरच्या निर्वासितांसाठी निधी जरूर जमवावा, पण राजकारणात पडू नये, असे एक मत मांडले जाते; ते मला पटत नाही. १९७१ मध्ये पूर्व बंगालमधून (तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आजचा बांगलादेश) सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा सतारवादक रविशंकर आणि ‘बीटल्स’मधील गायक-वादक जॉर्ज हॅरिसन यांच्या न्यूयॉर्कमधील मैफलीतून जवळपास अडीच लाख डॉलर जमले, आणि त्या पैशाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या लष्करी अत्याचारामुळे माणसे घरे सोडत होती, तो करणाऱ्या पाकिस्तानी लष्कराला अमेरिकेतून शस्त्रसामग्री जातच होती. त्याकडे बोट दाखवले ते अमेरिकेतल्याच फिलाडेल्फिया शहरातील मूठभर स्वयंसेवकांनी. जुलैमध्ये ‘पद्मा’ हे पाकिस्तानी मालवाहू जहाज बाल्टिमोर बंदरात येताना त्यांनी आपल्या छोट्या होड्या त्याच्या वाटेत घातल्या. तटरक्षकांनी त्यांना पकडले आणि जहाज धक्क्याला लागलेच. मात्र पुढे फिलाडेल्फियाच्या गोदी कामगारांनी पाकिस्तानी जहाजावर माल चढवण्यास साफ नकार दिला. (सत्याग्रहाची ही तऱ्हा आपल्याला तरी परकी वाटू नये.) त्याच वर्षी व्हाइट हाउससमोरच्या बागेत आंदोलक सांडपाण्याच्या मोठ्या नळांत मुक्कामाला राहिले, कारण कलकत्त्याजवळच्या सॉल्ट लेक येथे निर्वासितांची कुटुंबे तशाच नळांत दिवस काढत होती.